एकसष्टावं मूल

पुणे जिल्ह्यातल्या खेड तालुक्यात पावसाळा सरता सरता दोन गोष्टींची धांदल उडते. एक भाद्रपदी पोळा. तो तिथीने येतो, बैलांची शिंगं रंगवून जातो. दुसरी ३० सप्टेंबर ही तारीख. तिला तिथी नाही, नैवेद्य नाही, मिरवणूक नाही. पण जिल्हा परिषदेच्या शाळेत तिची वाट पोळ्यापेक्षा जास्त धास्तीने पाहिली जाते. त्या दिवशी पटावर जेवढी मुलं असतील, त्यावरून संचमान्यता होते, म्हणजे शाळेला किती शिक्षक मिळायचे ते ठरतं.

हिशेब साधा आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात पहिली ते पाचवीसाठी एक कोष्टक दिलंय. साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक, एकसष्ट ते नव्वदपर्यंत तीन. वर्ग पाच, मुलं साठ, शिक्षक दोन. आणि त्या दोघांतला एक मुख्याध्यापकाचा कारभार बघणार, म्हणजे प्रत्यक्ष फळ्यासमोर दीड. अशा शाळेच्या दारात एकसष्टावं मूल येऊन उभं राहिलं की कोष्टकाप्रमाणे तिसऱ्या शिक्षकाचं पद जन्माला येतं. पद जन्मलं म्हणून शिक्षक आला असं नव्हे. त्याला अजून भरतीचं पवित्र पोर्टल, आरक्षणाची बिंदुनामावली, बदल्यांची फेरी आणि कुणीतरी कोर्टात टाकलेली याचिका एवढे घाट चढून यायचं असतं. शिवाय मार्च २०२४ च्या शासन निर्णयाने संचमान्यतेचे निकष बदलले आणि शिक्षक संघटनांच्या मते हे पीठ आणखी बारीक दळलं गेलं. तरी पद हवंच. रिकामं का होईना, पद असलं की त्याच्या नावाने मागणी करता येते.

म्हणून जून उजाडला की गुरुजी एकसष्टावं मूल शोधायला निघतात.

चाकण, महाळुंगे, खराबवाडी, नाणेकरवाडी, कुरुळी या पट्ट्यात हे शोधकार्य आता जवळजवळ शास्त्र झालंय. नवीन खोल्यांची चाळ कुठे पडली, भाडेकरू कोणत्या जिल्ह्याचे, कंपनीचा ठेकेदार कोण, याची माहिती पोलीस पाटलाआधी शाळेला असते. दोरीवर वाळत घातलेली लहान मापाची चड्डी हा सबळ पुरावा मानला जातो. दारात तीनचाकी सायकल दिसली की अंगणवाडीतलं मूल, म्हणजे दोन वर्षांनी कामाला येणारं. तेही नाव टिपून ठेवायचं. अडचण एवढीच, की त्याच गल्लीच्या तोंडाशी इंग्रजी माध्यमाच्या शाळेची पिवळी व्हॅन उभी असते. व्हॅनवाल्याकडे टाय असतो, बूट असतात, रंगीत माहितीपत्रक असतं. गुरुजींकडे मोफत पुस्तकं, मोफत गणवेश आणि खिचडी असते. बाप दोन्हीकडे बघतो आणि म्हणतो, “सर, मिसेसला विचारून सांगतो.”

ही सारी यंत्रणा चालवणारं कार्यालय राजगुरुनगरात आहे. पंचायत समितीचा शिक्षण विभाग, त्यावर गटशिक्षणाधिकारी. १ मे १९६२ ला राज्यात जिल्हा परिषदा सुरू झाल्या आणि गावच्या प्राथमिक शाळा त्यांच्या पदरात पडल्या. गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या खाली शिक्षण विस्तार अधिकारी, त्यांचे पोलिसांसारखे ‘बीट’. त्याखाली केंद्रप्रमुख, त्याखाली मुख्याध्यापक. मुख्याध्यापकाखाली कुणी नाही. जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेला शिपाई नसतो. त्यामुळे कुलूप उघडणारा, घंटा वाजवणारा, पाण्याच्या टाकीत डोकावून पाल काढणारा आणि कार्यालयप्रमुख म्हणून सही करणारा हा एकच इसम.

या बाबतीत जग फार लांबचं नाही. अमेरिकेत खेड्यापाड्यांचे स्वतंत्र शालेय जिल्हे असतात. गाव मत देऊन शाळामंडळ निवडतं, मंडळ एक अधीक्षक नेमतं, आणि जिल्हा फारच लहान असला तर तोच अधीक्षक मुख्याध्यापकही असतो आणि ड्रायव्हर आजारी पडला तर बसही चालवतो. १९३९-४० मध्ये तिथे असे एक लाख सतरा हजारांवर जिल्हे होते. विलीनीकरण होत होत आता तेरा हजारांच्या आसपास उरलेत. म्हणजे लहान शाळा कागदावर बसत नाही म्हणून मोठीत मिसळून टाकायची, ही युक्ती मंत्रालयात सुचलेली नाही. फरक इतकाच की तिकडच्या अधीक्षकाला निदान बस मिळते.

खेडचा तालुका म्हणजे दोन देश आहेत. पश्चिमेला चासकमानच्या धरणामागे वाडा, भोरगिरी, भीमाशंकरचं रान. महादेव कोळी आणि ठाकर समाजाच्या वाड्या, पावसाळ्यात धुक्यात हरवणारे रस्ते आणि बोटांवर मोजता येईल असा पट. दक्षिणेला चाकणची एमआयडीसी; तिथे मोटारींचे आणि सुट्या भागांचे कारखाने तीन पाळ्यांत चालतात आणि पटावर नाव घालायला रजिस्टरची पानं पुरत नाहीत. एकीकडे शिक्षक आहेत आणि मुलं पांगलीत. दुसरीकडे मुलं व्हरांड्यात बसलीत आणि शिक्षक मंजूर नाहीत. दोन्हीकडचा अहवाल मात्र एकाच नमुन्यात, एकाच दिवशी, दुपारी चारच्या आत द्यायचा.

पट हा प्रकार इतका नाजूक का झाला, हे समजायला २०११ मध्ये डोकवावं लागतं. त्या काळात राज्यातल्या कितीतरी शाळांमध्ये अशी मुलं होती जी कधी आजारी पडत नसत, खोड्या काढत नसत, सहलीला येत नसत आणि नापासही होत नसत. ती फक्त पटावर होती. त्यांच्या नावावर तुकड्या मंजूर होत, तुकड्यांवर शिक्षक, शिक्षकांवर अनुदान. नांदेडचे जिल्हाधिकारी असताना डॉ. श्रीकर परदेशी यांनी आधी परीक्षेतल्या कॉपीवर हात घातला आणि मग या अदृश्य बालकांवर. नांदेडात जे दिसलं ते पाहून सरकारने ३ ते ५ ऑक्टोबर २०११ या तीन दिवसांत राज्यभर पटपडताळणी केली. महसूलसह निरनिराळ्या खात्यांची माणसं शाळांवर धडकली. एकच मूल दोन शाळांत मोजलं जाऊ नये म्हणून मुलांच्या बोटांना मतदानासारखी शाई लावली. मतदानाचा हक्क मिळायला दहा-बारा वर्षं बाकी असलेली पोरं ते बोट दाखवत घरी गेली. हिशेब जुळवायला बसल्यावर जी मुलं सापडली नाहीत, त्यांचा आकडा लाखांत होता.

पुढे २०१२ मध्ये हेच परदेशी पिंपरी-चिंचवडला महापालिका आयुक्त म्हणून आले. नांदेडला नसलेली मुलं मोजली. इथे आल्यावर असायला नको होते असे मजले मोजले. बेकायदा बांधकामं पाडण्याच्या मोहिमेने शहर हादरलं आणि २०१४ च्या सुरुवातीला त्यांची बदली झाली. पण शाळांच्या कपाटात त्या शाईचा वास राहिलाच. तेव्हापासून पटावरच्या प्रत्येक नावाकडे सरकार ‘हे खरंच आहे ना?’ अशा नजरेने बघतं.

गंमत अशी, की चाकणमध्ये आज प्रश्न बरोबर उलटा आहे. तेव्हा नाव असे आणि मूल नसे. आता मूल असतं, अगदी समोरच्या बाकावर बसून शेजारच्याला चिमटे काढत असतं; आणि नाव नसतं.

कारण आता नाव म्हणजे आधार. आणि आधारवरचं नाव, जन्मतारीख, लिंग हे सगळं शाळेच्या नोंदीशी जुळलं पाहिजे. नाही जुळलं तर विद्यार्थ्यांच्या नोंदीचं सरकारी पोर्टल त्या मुलाला ओळख देत नाही, आणि संचमान्यतेला बसताना असं मूल गळतं. बीड, लातूर, परभणी, यवतमाळ, त्याही पलीकडे उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशा इथून आलेल्या कुटुंबाचं आधार बहुधा गावाकडच्या पत्र्याच्या पेटीत असतं. असलंच हाताशी, तर त्यावर मुलाचं नाव ‘गुड्डू’ असतं आणि मूल स्वतःचं नाव ‘प्रिन्स’ सांगतं. जन्मतारखेच्या जागी नुसतं साल असतं. चाकणच्या बाजारात आलेल्या शर्यतीच्या बैलाची आई कोण, बाप कोण, कोणत्या घाटात पहिला आला, हे मालक न अडखळता सांगतो. माणसाच्या पोराच्या बाबतीत मात्र बाप बोटं मोजत म्हणतो, “ज्या सालाला पाणी लई झालं, त्या सालाचा.”

पूर्वी यावर तोड सोपी होती. गुरुजी मुलाकडे एकदा नीट बघायचे आणि १ जून लिहून टाकायचे. महाराष्ट्रातल्या अर्ध्या पेन्शनरांचा वाढदिवस १ जूनला येतो आणि ते सगळे ३१ मे रोजी निवृत्त होतात, ते या दूरदृष्टीचं फळ. एका पिढीचा जन्म शाळेच्या पहिल्या आठवड्याच्या सोयीने झाला आणि कुणाचं काही अडलं नाही. आजच्या मुख्याध्यापकाला तो अधिकार राहिलेला नाही. पोर्टल त्याच्यापेक्षा वरिष्ठ आहे.

कायदा तसा मुलाच्या बाजूने उभा आहे. वयाचा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, शाळा सोडल्याचा दाखला नाही म्हणून थांबवता येत नाही. दोन्ही गोष्टी शिक्षण हक्क कायद्यात स्पष्ट लिहिल्या आहेत. म्हणून मूल आत येतं, वयानुरूप वर्गात बसतं, खिचडी खातं. मग संगणकावर त्याला आणायची वेळ येते. त्यासाठी आधीच्या शाळेने त्याला ऑनलाइन सोडावं लागतं. आणि ती शाळा का सोडेल? तिलाही पट आहे. तिथेही कुणाचं तरी पद एका मुलावर लटकलेलं असतं. मग दोन मुख्याध्यापकांचं फोनवर बोलणं होतं. अत्यंत सौजन्याने.

“नमस्कार सर, चाकणहून बोलतोय. तुमच्याकडचा एक विद्यार्थी आमच्याकडं आलाय. पोर्टलवरून तेवढा सोडता का?”

“कोण, चौथीतला? अहो सर, तो काय राहणारे का तिकडं? दिवाळीला येतोय परत. आजी आहे त्याची इथं.”

“सर, त्याच्या वडलांनी इथं खोली घेतलीय. डिपॉझिट भरलंय.”

“मग सोडतो की. आपलाच माणूस तुम्ही. तेवढा तीस सप्टेंबर होऊ द्या.”

“सर, मलाही तो तीस सप्टेंबरलाच पाहिजे.”

ज्याच्यासाठी हे चाललंय तो त्या वेळी मैदानात गोट्या खेळत असतो. दोन जिल्हा परिषदा आपल्यासाठी झुंजताहेत याची त्याला कल्पना नसते. असती तर त्याने गृहपाठाच्या अटी घातल्या असत्या.

मुख्याध्यापकाचा खरा वर्ग त्याच्या मोबाइलमध्ये भरतो. केंद्राचा ग्रुप, बीटाचा ग्रुप, तालुक्याचा ग्रुप, पोषण आहाराचा, आधारचा, क्रीडा स्पर्धांचा, शाळा व्यवस्थापन समितीचा. शिवाय ‘फक्त माहितीसाठी’ नावाचा एक, ज्यावर फक्त शुभ सकाळ येतं. संदेशांच्याही जाती आहेत. ‘तातडीचे’ म्हणजे या आठवड्यात. ‘अतितातडीचे’ म्हणजे आज. ‘स्मरणपत्र’ म्हणजे काल. पाठवायला काही नसलं तरी पाठवायचं असतंच, आणि त्यासाठी ‘निरंक’ हा शब्द आहे. शाळेत किती मुलं कुपोषित? निरंक. किती वर्गखोल्या धोकादायक? निरंक, कारण गेल्या पावसात पडली. निरंक अहवाल वेळेत आला नाही तर खुलासा मागतात. काहीच घडलं नाही हे सांगायला उशीर का झाला, याचा तो खुलासा.

दुपारी खिचडी. सरकारी भाषेत आता तिला प्रधानमंत्री पोषण शक्ती निर्माण म्हणतात, पण मावशी खिचडीच शिजवतात. प्राथमिकच्या मुलाला रोज १०० ग्रॅम तांदूळ, सहावी ते आठवीला १५० ग्रॅम. तांदळाचा साठा आणि हजेरी यांचा मेळ दररोज जमला पाहिजे. मुलांच्या आधी एका शिक्षकाने चव घ्यायची आणि नोंदवहीत लिहायची. ‘चव चांगली आहे’ हे वाक्य या राज्यात सर्वाधिक वेळा लिहिलं गेलेलं गद्य असावं.

या ताटात सरकारने अधूनमधून सुधारणाही केल्या. नोव्हेंबर २०२३ मध्ये आठवड्यातून एकदा अंडं आलं. न खाणाऱ्याला केळं. मग मुख्याध्यापकाने कोणाच्या घरी अंडं चालतं आणि कोणाच्या घरी नाही, याची यादी केली. यादीत केळंवाली बरीच मुलं प्रत्यक्षात मित्राच्या अंड्याकडे टक लावून बसत. अंडी आणायचीही त्यानेच. तळेगाव-चाकण रस्त्यावरून दुचाकीच्या पुढ्यात ट्रे ठेवून ती शाबूत पोचवणं, याची सेवापुस्तिकेत कुठेही नोंद नाही. जून २०२४ मध्ये पंधरा प्रकारचे पदार्थ ठरले: मटकीची उसळ, शेवगा घातलेलं वरण, अंडा पुलाव, खीर, नाचणीचं सत्त्व. भटारखान्यालाही धडकी भरावी अशी ही यादी दोन मावशींनी एका शेगडीवर पेलायची होती. जानेवारी २०२५ मध्ये अंडा पुलाव, खीर आणि सत्त्व ऐच्छिक झाले, आणि अंडी-साखर लोकसहभागातून मिळवावी असं सुचवण्यात आलं. साखरसम्राटांच्या राज्यात शाळेच्या खिरीला साखर वर्गणीतून! मुख्याध्यापक वाटी घेऊन निघाला नाही, एवढंच.

गणवेशाची कथा याहून रंगतदार. एरवी शाळा व्यवस्थापन समिती गावच्या शिंप्याकडून कपडे शिवून घेते. शिंप्याला पोरं माहीत असतात. कोण कुठे फुगलंय, कोण उंच होणारे, याचा अंदाज असतो. २०२४ मध्ये ‘एक राज्य, एक गणवेश’ लागू झालं. कापड वरून येणार, शिलाई महिला बचत गट करणार. मापाची भानगड नको म्हणून इयत्तेवरून माप. पण एकाच इयत्तेतली मुलं एकाच आकाराची असतात, हे मुलांना कुणी कळवलं नव्हतं. स्वातंत्र्यदिन उलटून गेला तरी कित्येक शाळांत गणवेश पोचला नाही, आणि पोचला तिथे काहींच्या बाह्या बोटांच्याही पुढे गेल्या. डिसेंबर २०२४ मध्ये सरकारने अधिकार पुन्हा समितीकडे दिले. शिंपी परत आला. त्याआधी पाठ्यपुस्तकांत नोंदींसाठी कोरी पानं शिवण्याचाही प्रयोग झाला; २०२३ मध्ये आला, २०२५ मध्ये गेला. मुलांनी त्या पानांवर विमानं काढली, काहींनी फाडून विमानं केली. कृतियुक्त शिक्षण म्हणतात ते हेच.

एमआयडीसीच्या शेजाराचा फायदा मात्र नाकारता येत नाही. २०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे दोन टक्के समाजासाठी खर्च करायला लावलं, आणि समाज म्हटलं की कंपनीला भिंतीपलीकडची शाळा दिसते. मार्चअखेर जवळ आली की पाहुणे येऊ लागतात. स्वच्छतागृह मिळतं, हात धुण्याचे नळ मिळतात, संगणक मिळतात, भिंतीवर सूर्यमाला मिळते. एखाद्या शाळेत दोन कंपन्या दोन वर्षं लागोपाठ येतात आणि सूर्यमालेवर दुसरी सूर्यमाला चढते. बाक इतके मिळतात की ठेवायला वर्ग नसतो. उद्घाटनाला फीत, नारळ, शाल, देणगीदाराच्या नावाची फरशी. सगळं मिळतं, कोष्टकात न बसणारा एक शिक्षक तेवढा मिळत नाही. काही गावं ग्रामपंचायतीच्या किंवा वर्गणीच्या पैशांतून स्वयंसेवक शिक्षिका ठेवतात आणि तिच्या मानधनाची जुळवाजुळव हाही मुख्याध्यापकाचा विषय होतो.

सातवी-आठवीनंतर पोर हायस्कुलात जातं, तेव्हा जिल्हा परिषदेचा बहुतेक ठिकाणी निरोप होतो. महाराष्ट्रात खेड्यातलं हायस्कूल चालवलं ते संस्थांनी. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये काले गावी रयत शिक्षण संस्था काढली आणि पुढे जिल्ह्याजिल्ह्यांत त्या वाटेने मंडळं उभी राहिली. संस्था खासगी, पगार सरकारी, अशी ही जोडगोळी. पण नंतरच्या शाळांना अनुदान आलं ते टप्प्याटप्प्याने: वीस टक्के, चाळीस टक्के, साठ टक्के. पायथागोरसचा सिद्धांत वीस टक्के शिकवता येत नाही, एवढी त्यात एक गैरसोय आहे. पुढच्या टप्प्यासाठी शिक्षक आझाद मैदानात बसतात, आश्वासन घेऊन येतात आणि राहिलेला काटकोन त्रिकोण पूर्ण करतात.

मोशीची शीव ओलांडून पिंपरी-चिंचवडच्या हद्दीत शिरलं की साहेब बदलतो. १९९७ मध्ये मोशी, चिखली, चऱ्होली, तळवडे, दिघी, वाकड अशी गावं महापालिकेत आली आणि त्यांच्या शाळा जिल्हा परिषदेकडून महापालिकेकडे गेल्या. इमारत तीच, वडाचं झाड तेच, पाटी नवी. शहरातल्या शाळेला पैसा असतो, त्यामुळे तिथे अडचणीही अधिक आधुनिक असतात. तरी याच महापालिकेची बोपखेलची इंग्रजी माध्यमाची शाळा, आकांक्षा फाउंडेशनबरोबर चालवलेली, २०२२ मध्ये ‘वर्ल्ड्स बेस्ट स्कूल’ पुरस्काराच्या पहिल्या दहांत पोचली. लोकसहभागासाठी. बोपखेलकरांना लोकसहभाग म्हणजे काय ते शिकवावं लागत नाही. लष्करी हद्दीतला रस्ता बंद झाल्यापासून घराबाहेर पडायलाही त्यांना आंदोलन करावं लागलं होतं.

परत खेडच्या पश्चिमेला जाऊ. तिथे एकसष्टाचा प्रश्नच नाही. तिथे विसाचा आहे. राज्यात वीसपेक्षा कमी पटाच्या १४,७८३ शाळा मोजल्या गेल्या, त्यांत सुमारे १ लाख ८५ हजार मुलं आणि साडेएकोणतीस हजारांवर शिक्षक. सप्टेंबर २०२३ मध्ये शिक्षण आयुक्तालयाने पत्र काढलं: अशा शाळांच्या समूहशाळा करता येतील का ते कळवा. नमुना म्हणून याच जिल्ह्यातल्या पानशेतची समूहशाळा पुढे ठेवली. आसपासच्या लहान शाळांची मुलं बसने एका चांगल्या इमारतीत. पानशेतला ते जमलं असेल. पण भोरगिरीच्या वरच्या वाडीला पावसाळ्यात बस न्यायची म्हणजे आधी रस्ता न्यावा लागतो. एक वर्षाने, सप्टेंबर २०२४ मध्ये, लहान पटाच्या शाळेत दुसऱ्या नियमित शिक्षकाऐवजी निवृत्त किंवा कंत्राटी शिक्षक देण्याचा निर्णय आला आणि राज्यभरचे शिक्षक सामूहिक रजा टाकून मोर्चाला गेले. तारीख होती २५ सप्टेंबर. परत येऊन पाच दिवसांत पट भरायचा होता.

आणि याच तालुक्याच्या पूर्व टोकाला, कनेरसरजवळ जालिंदरनगर नावाची वस्ती आहे. शेजारी सेझसाठी घेतलेल्या जमिनी, पलीकडे यमाईचं देऊळ. तिथल्या जिल्हा परिषद शाळेत २०२२ मध्ये तीन मुलं होती. तीन म्हणजे समूहशाळेच्या बसमध्येही एकाच बाकावर बसली असती. त्या शाळेवर दत्तात्रय वारे गुरुजी आले. त्याआधी शिरूर तालुक्यातल्या वाबळेवाडीची शाळा त्यांनी नावारूपाला आणली होती. तिथे प्रवेशासाठी रांगा लागल्या आणि नंतर वाद, चौकशी, निलंबनही वाट्याला आलं. जालिंदरनगरात गावकऱ्यांना बरोबर घेऊन त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. मोठ्या मुलांनी लहानांना शिकवायचं, वस्तीने शाळा आपली म्हणून उभारायची. तीन वर्षांत पट १२० च्या घरात गेला. २०२५ मध्ये शाळा त्याच जागतिक पुरस्काराच्या पहिल्या दहांत आली आणि लोकांच्या मतदानाने दिला जाणारा ‘कम्युनिटी चॉइस’ पुरस्कार घेऊन गेली. जगभरातल्या महागड्या शाळा मागे पडल्या. तालुक्यातले बाकीचे मुख्याध्यापक बातमी वाचून खूश झाले आणि लगेच कोष्टकाकडे वळले: एकशे वीसपर्यंत चार शिक्षक, एकशे एकविसाव्याला पाच.

आता जनगणना येतेय. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ ने शिक्षकांना शाळेबाहेरच्या कामाला जुंपायला मनाई केलीय. अपवाद तीन: जनगणना, निवडणूक आणि आपत्ती निवारण. तिन्ही मिळून बरंच वर्ष भरतं. ठरल्याप्रमाणे माणसांची मोजणी फेब्रुवारी २०२७ मध्ये होईल. तेव्हा हेच गुरुजी चाकणच्या चाळीचाळीत, खोलीखोलीत जातील. या वेळी व्हॅनवाला आडवा येणार नाही, आधार मागावं लागणार नाही, जुन्या शाळेची परवानगी लागणार नाही. दार वाजवायचं, घरातल्या प्रत्येक पोराचं नाव, वय, शाळेत जातो की नाही, सगळं नीट लिहून घ्यायचं. एकसष्टावं सापडेल, बासष्टावं सापडेल, नव्वदावंही सापडेल. गटशिक्षणाधिकारी कार्यालयात ही बातमी घेऊन कुणी गेलंच, तर बाबू रजिस्टर पुढे सरकवून विचारेल, “फेब्रुवारीतली मुलं मी कुठं दाखवू, सर?”